सदावर्त आणि भीक : नर्मदा परिक्रमेची मराठी पुस्तके करमाडला बसून वाचताना

करमाड हे नदीकाठचे गाव नव्हे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, जालना रस्त्याच्या कडेला आणि मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या अंगाला ते वसले आहे. ह्या भागात पाण्याची आठवण येते ती उन्हाळ्यात टँकर आला म्हणजे. अशा गावात बसून नदीच्या काठाकाठाने दोन हजार सहाशे किलोमीटर चालणाऱ्यांची पुस्तके वाचायची, तर मनात काही प्रश्न उभे राहतात. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या वाचनालयात ते कदाचित उभे राहणार नाहीत.

प्रश्न माझ्याकडे आणला तो एका विद्यार्थ्याने. आमच्याच वस्तीतला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पोरगा. जगन्नाथ कुंटे ह्यांचे ‘नर्मदे हर हर’ त्याने दोन रात्रींत वाचून काढले होते. पुस्तक परत देताना म्हणाला, “सर, मी गेलो तर चालेल का?” मी म्हटले, पाय तुझे आहेत. तो गप्प राहिला. त्याचा प्रश्न पायांविषयी नव्हता, हे मला घरी गेल्यावर कळले. इतकी वर्षे साहित्य शिकवून ही समज उशिरा यावी, ह्याची लाज वाटली.

परिक्रमेचे नियम वाचकांना ठाऊक असतील. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचे. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून तिच्या दुप्पट. परंपरेने ह्या चालण्याला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस दिले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हा, की जवळ पैसा ठेवायचा नाही. काठावरचे लोक सदावर्त देतात, म्हणजे कोरडा शिधा देतात, कुठे शिजवलेले अन्नही देतात. मिळेल ते खायचे, नाही मिळाले तर ‘मैया’ची इच्छा समजून निजायचे.

मराठीत ह्या चालण्याचे एक वेगळे वाङ्मयच तयार झाले आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही त्याची गंगोत्री, म्हणजे इथे अमरकंटकच म्हणायला हवे. नंतर बऱ्याच काळाने कुंटे आले आणि त्यांच्या पुस्तकाने परिक्रमा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणली. भारती ठाकूर ह्यांचे ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ आले. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड ह्यांची गुजराती-हिंदी पुस्तकेही मराठी वाचकाने आपली मानली. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या अनुभवकथनांची तर मोजदाद नको. सेवानिवृत्ती, गुडघ्यांची चिंता, कुटुंबाचा निरोप, ओंकारेश्वरचा संकल्प, पहिला फोड, पहिला चमत्कार असा त्यांचा साचाच झाला आहे.

ह्यांतले दांडेकर मला आजही वाचवतात. कारण त्यांच्या पुस्तकात भूक आहे, ताप आहे, तरुण देहाची घालमेल आहे. लेखकाला ह्या गोष्टींची लाज वाटत नाही. पुढच्या पुस्तकांत सगळा भर मनःशांतीवर गेला, तसा तो ह्या पुस्तकात गेलेला नाही. दांडेकर पोरवयात घर सोडून गेलेले आणि गाडगेबाबांच्या संगतीत राहिलेले. हातात खराटा घेतलेल्या माणसाची सोबत ज्याला मिळाली, त्याच्या गद्यात थोडी धूळ राहणारच. तरीही दांडेकरांच्या ‘कुणा एका’ला आपले नाव लपवता येते, तो ‘कुणी एक’ होऊ शकतो, ही त्याची चैन आहे. आमच्या माणसाला ‘कुणी एक’ होताच येत नाही. गावाच्या वेशीत पाऊल टाकायच्या आधी तो कोण हे विचारले जाते, आणि त्याने सांगितलेल्या उत्तरावर त्याची भाकर ठरते.

मराठीतल्या पायी प्रवासाच्या लेखनाचा आरंभच कसा आहे पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंड पेटले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि तरी गंगेची कावड खांद्यावरून घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हे अस्सल पुस्तक आहे, ह्यात शंका नाही. पण त्या प्रवासाच्या बुडाशी एक गृहीत आहे. मी चालत गेलो तर कुणीतरी मला ओसरी देईल, शिधा देईल आणि त्याबद्दल स्वतःलाच पुण्य मिळाले असे मानील. हे गृहीत सव्वाशे वर्षांनंतरही परिक्रमेच्या पुस्तकांत जसेच्या तसे आहे. लेखक बँकेतला अधिकारी असो की अभियंता, तो अनोळखी दारात उभा राहतो आणि दार उघडते. त्याला ह्याचे अप्रूप वाटते. नर्मदाकाठच्या गरिबांच्या मनाच्या मोठेपणावर तो पानेच्या पाने लिहितो. तो मोठेपणा खोटा आहे असे मी म्हणत नाही. निमाडातल्या शेतमजूर बाईने आपल्या चार भाकऱ्यांतली एक काढून दिली तर ती भाकर खरीच आहे. पण ते दार कुणासाठी उघडले, हा प्रश्न लेखक स्वतःला विचारत नाही. विचारावा अशी वेळच त्याच्यावर आलेली नसते.

आता ह्याच्या शेजारी लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ ठेवून वाचा. १९८० साली आलेल्या ह्या आत्मकथनातले कुटुंबही सतत चालतच असते. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, टोपल्या विणायच्या, शिळे तुकडे मागायचे आणि पुढचे गाव धरायचे. दोन्हीकडे माणूस पायी चालतो, जवळ पैसा नसतो, दुसऱ्याच्या दारातले अन्न खातो, उघड्यावर निजतो. बाहेरून पाहिले तर कृती एकच आहे. एकीला भाषेने सदावर्त म्हटले, दुसरीला भीक म्हटले. एकीने चालणाऱ्याचे पाय धुतले, दुसरीने त्याच्यावर कुत्री सोडली. कायद्यानेही हाच भेद केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणे हाच कित्येक जमातींचा गुन्हा ठरवला, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. म्हणजे काही मराठी माणसे वैराग्य म्हणून रानोमाळ हिंडत होती, त्याच काळात दुसऱ्या काही मराठी माणसांना गाव सोडताना पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागत होती. परिक्रमेच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना समीक्षेने ही दोन चालणी एकत्र तोललेली माझ्या वाचनात नाहीत. ‘उपरा’ला समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणायचे आणि परिक्रमेला आध्यात्मिक अनुभव म्हणायचे, अशी सोयीची वाटणी झाली आहे.

चालणे आम्हाला नवे नव्हते. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ ज्यांनी वाचले आहे त्यांना तराळकी म्हणजे काय हे सांगायला नको. मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचे, सरकारी माणसाच्या पुढे धावायचे, ओझे वाहायचे. ही सारी पायपीट वतनाच्या नावाखाली घेतली जाई. अण्णाभाऊ साठे पोरवयात वाटेगावहून मुंबईपर्यंत आईबापांबरोबर चालत आले. ती काही परिक्रमा नव्हती, पोटाने चालवलेली वाट होती. ह्याच अण्णाभाऊंनी पुढे रशियाचे प्रवासवर्णन लिहिले, पण त्या पहिल्या चालण्यावर तेवढे मोठे पुस्तक लिहिले नाही. ते लिहिले असते तर मराठी प्रवासवर्णनाचा चेहराच बदलला असता, असे मला राहून राहून वाटते.

परिक्रमेच्या पुस्तकांतला सर्वांत बोलका भाग शूलपाणीच्या झाडीचा. सातपुड्याच्या ह्या पट्ट्यात भिल्ल आदिवासी परिक्रमावासीयांना लुटतात, अगदी अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेतात, अशी पूर्वापार कथा आहे. पुस्तकांत ह्या लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणतात. मैयाच आपल्या लेकरांची परीक्षा घेते, अहंकार उतरवते, असा त्या लुटीचा अर्थ लावला जातो. वाचायला हे फार उदात्त वाटते. पण ह्या मांडणीत आदिवासी माणूस राहतो कुठे? तो चोर असेल तर त्याच्या चोरीला कारण असेल. त्याच्या हातून जंगल कुणी काढून घेतले, सावकाराने काय केले, त्या डोंगरात वर्षाचे किती महिने धान्य पुरते, ह्याचा शोध घ्यावा लागेल. ते नको म्हणून त्याला परीक्षक केले. दुसऱ्याच्या मोक्षातले एक पात्र केले. चोर म्हणण्यापेक्षाही हे अधिक वाईट आहे, असे माझे मत आहे. चोराला निदान स्वतःचा हेतू असतो.

आणि ही झाडी आज आहे कुठे? सरदार सरोवराच्या भिंतीची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच त्या रेषेपर्यंत चढले. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा काठ येतो तो एवढाच, नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतला. तिथली तेहेतीस गावे ह्या धरणाच्या बुडिताखाली आली. मणिबेली त्यांत पहिले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्यात गेले, परिक्रमेची जुनी वाट पाण्यात गेली. परिक्रमावासी आता वळसा घालून वरच्या वाटेने जातात. ज्या ‘मामां’नी लुटले त्यांचे घरच लुटले गेले. पुस्तकांत मात्र वाट बदलल्याची हळहळ पुष्कळ, गाव बुडाल्याची त्या मानाने थोडी. वेगडांना निदान एवढे श्रेय द्यायला हवे, की १९७७ पासून टप्प्याटप्प्याने चालत त्यांनी बुडण्याआधीचा काठ रेखाटून ठेवला. नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली शिकलेला तो डोळा. पण त्याला प्रामुख्याने सौंदर्य दिसते. पाण्याला जाणारी बाई त्याला डौलदार दिसते. घागरीचे वजन तो चितारत नाही. भारती ठाकूर ह्यांच्याविषयी मात्र अधिक आदराने लिहायला हवे. त्या चालून घरी गेल्या नाहीत. काही काळाने नोकरी सोडून त्या निमाडात परतल्या आणि मंडलेश्वरजवळच्या पुनर्वसित लेपा गावी राहून मुलांना शिकवू लागल्या. मला विचाराल तर त्यांचे खरे पुस्तक ती शाळा आहे. छापलेल्या पुस्तकाच्या नावातला ‘अंतर्यात्रा’ हा शब्द त्यांच्याच पुढच्या आयुष्याने खोडून काढला आहे.

इथे आपल्याही घरातली एक गोष्ट टाळता येत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ ह्या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नदीकडे पुण्याच्या नव्हे, पाण्याच्या दृष्टीने पाहिले. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीसाठी नोव्हेंबर १९४५ ची कटकची परिषद, जलमार्ग-सिंचनाचा केंद्रीय आयोग हे त्या काळातले काम आहे. नदीचे पाणी वाया जाऊ न देता त्यातून शेती, वीज आणि जलवाहतूक उभी करायची, हा विचार नदीला आई म्हणून तिच्या काठी माणसाला उपाशी ठेवणाऱ्या विचारापेक्षा किती तरी पुढचा होता. पण म्हणून पुढच्या प्रत्येक धरणाला बाबासाहेबांच्या नावाचे कवच देता येत नाही. पाणी एकाचे आणि बुडणे दुसऱ्याचे, अशी विभागणी झाली तर ती जातिव्यवस्थेचीच जलविभागणी आहे. भिल्लाच्या शेतावरून वाहून नेलेले पाणी आपल्या ओळखीच्या शब्दांत विकास म्हणून आले, तरी आपण हे म्हटले पाहिजे. आपल्या चळवळीने हे पुरेशा जोरात म्हटले नाही.

नदीने शुद्ध होणे ह्या कल्पनेचा निकाल तर आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी लागला आहे. थेरीगाथेतली पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत नदीवर पाणी भरायला जाते, ते मालकिणीच्या धाकाने. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना दिसतो. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव, मगर सगळेच स्वर्गाला गेले असते, अशा अर्थाचे ती त्याला ऐकवते. नदीचे पाणी रोज डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे हे ज्ञान आहे. तिने नदीची परिक्रमा केली नाही. तिच्या आणि घराच्या मधली वाट ती आयुष्यभर चालली.

करमाडवरून दोन चालणी गेली आहेत, असे मी वर्गात सांगतो. पहिले खरे तर इथवर पोचलेच नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे ह्यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. हजारो माणसे विदर्भातून पायी औरंगाबादेच्या दिशेने येत होती. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवले. परिक्रमेत नदी न ओलांडणे हे व्रत आहे. त्या दिवशी नदी ओलांडणे हा गुन्हा ठरला. अडवले नसते तर जालन्यामागून ती माणसे ह्याच रस्त्याने आली असती. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. त्या पुलावरच्या दिवसाची जी वर्णने मी वाचली ती भाषणांत, स्मरणिकांत आणि वर्तमानपत्रांत. परिक्रमेला जेवढी पाने मिळाली त्याच्या शतांशाने ह्या चालण्याला मिळाली असती तर?

दुसरे चालणे ८ मे २०२० चे. टाळेबंदी लागून दीड महिना होत आलेला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस तरुण मजूर रुळांच्या कडेने निघाले. भुसावळपर्यंत पोचायचे, तिथून गावाकडची गाडी मिळेल ही आशा. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून, करमाडच्या अलीकडे सटाणा शिवारात, ते थकून रुळांवरच टेकले आणि झोपले. गाड्या बंद आहेत असा समज. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा मेले. बहुतेक गोंड आदिवासी, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. त्यांची प्रेते खास गाडीने जबलपूरला नेली.

शहडोल हे नाव परिक्रमेच्या वाचकाला ओळखीचे वाटले पाहिजे. अमरकंटक, जिथे नर्मदा उगम पावते, ते २००३ साली अनूपपूर जिल्हा वेगळा होईपर्यंत शहडोल जिल्ह्यातच होते. म्हणजे ही नर्मदेच्या उगमाकडची पोरे. मराठी परिक्रमावासी ज्यांच्या गावी जाऊन सदावर्त घेतात त्या मुलखातली. तीच पोरे आमच्या मुलखातून पायी निघाली तेव्हा त्यांना ‘नर्मदे हर’ म्हणून कुणी थांबवले नाही, ओसरी दिली नाही. रस्त्याने जावे तर पोलीस अडवतील ह्या भीतीने ते रुळांवर गेले. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. त्या रात्री मी ह्याच परिसरात होतो आणि माझे दार बंद होते.

ह्या घटनेवर कविता मात्र खूप आल्या. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले होते, आणि प्रत्येक कवितेत त्या पोळ्या आल्या. माझ्याकडेच मत विचारायला तीसेक तरी आल्या असतील. कुठे पोळी चंद्र झाली, कुठे सूर्य झाली, कुठे देशाचा नकाशा. मी एकाही कवीला शाबासकी दिली नाही. ह्यावरून दोन तरुण मित्र माझ्यावर रागावले. वेदना हे दलित साहित्याचे भांडवल नव्हे, हे आपण सत्तरच्या दशकापासून सांगत आलो आहोत. प्रतिमा सापडली म्हणून दुःख कळले असे होत नाही. त्या वीस जणांनी कोणता पट्टा किती वेळात चालला, वाटेत पाणी कुठे मिळाले, कोणत्या गेटजवळ ते बसले, कुणाच्या पायात चप्पल नव्हती, हे एका तरी कवितेत आले असते तर मी ती डोक्यावर घेतली असती. परिक्रमेच्या लेखकांकडून एक गोष्ट आपण निःसंकोच शिकावी. ते वाट नीट लिहितात. कोणत्या गावाहून निघालो, किती कोस झाले, कुणी काय खायला दिले, हे ते विसरत नाहीत. आपण घोषणा लिहितो आणि गावांची नावे गाळतो.

त्या विद्यार्थ्याची गोष्ट राहिली. तो गेला. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघाला आणि अकरा दिवस चालून बडवानीपर्यंत पोचला. तिथून बसने परत आला. येताना शंभरपानी वही भरून आणली. वहीत चमत्कार एकही नाही. पहिल्या दिवशी त्याने किती फोड आले ते मोजले आहे. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला, तर तो रडला. पाचव्या दिवशी एका मुक्कामाच्या ठिकाणी, ते कुठले हे त्याने लिहिले नाही आणि मीही विचारले नाही, पंगतीआधी नाव, गाव आणि ‘समाज’ विचारला गेला. त्याचे आडनाव असे आहे की ते मराठ्यांतही सापडते. त्याने फक्त आडनाव सांगितले. समोरच्याने ओळखीची मान डोलावली आणि त्याला पंगतीत बसवले. त्या रात्रीच्या नोंदीत त्याने लिहिले आहे की वरणभात चांगला होता आणि तो दोनदा मागून घेतला. पुढच्या ओळीत फक्त बापाचे नाव, पूर्ण, तीनदा लिहिले आहे.

पुढचे सहा दिवस तो प्रत्येक ठिकाणी विचारण्याआधीच खरी जात सांगत गेला. बहुतेक ठिकाणी काहीच फरक पडला नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. दोन ठिकाणी त्याला शिधा मिळाला, पण वेगळा बसवला. एका भिलाला आणि त्याच्या बायकोला त्याची जातच कळली नाही. त्यांनी विचारले, तू मजूर का? तो हो म्हणाला. वहीतले ते पान मला सर्वांत आवडते. परत का आलास विचारले, तर म्हणाला, “पाय दुखत नव्हते सर. रोज सांगायचा कंटाळा आला.”

ही वही छापावी असे मी त्याला म्हटले. त्याची तयारी नाही. आईला ती पंगतीची गोष्ट कळेल ह्याची त्याला भीती वाटते. मी आग्रह धरलेला नाही. सध्या तो दुसऱ्याच कामात आहे. जालना ते सटाणा शिवार ह्या पट्ट्यातली गावे, फाटके, पाणवठे तो एकेक करून उतरवून घेतो आहे. रुळांवर चालायला मनाई आहे, म्हणून शेजारच्या गाडीवाटांनी फिरतो. पावसाळा सरला की आम्ही दोघे जालन्याहून करमाडपर्यंत पायी यायचे ठरवले आहे. तो पूर्ण चालेल. मला बदनापूरपर्यंत जमेल असे वाटते.